पॅकेज कळलं, तास किती?

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम उरकला की रत्नागिरीत अभिनंदनाचे फलक लागतात. मुलाचा फोटो, शेजारी कंपनीचं बोधचिन्ह आणि खाली ठळक अक्षरांत वर्षाचा आकडा. कोणाचा साडेतीन लाख, कोणाचा सहा, एखाद्याचा दहा. मग लग्नाच्या बोलणीत तोच आकडा, देवळाच्या कट्ट्यावर तोच आकडा. रोज किती तास राबायचं, नोकरी सोडायची झाली तर किती महिन्यांची नोटीस, कंपनीने घरी पाठवलं तर हातावर काय टेकवणार, हे कोणी विचारत नाही. माझं भांडण या न विचारण्याशी आहे.

टेक कंपनीतल्या नोकरीबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, ‘आयटीत लागला, सुटला.’ दुसरं, ‘कसली नोकरी, वेठबिगारी ती!’ पहिलं मत ज्यांची मुलं अजून लागायची आहेत त्यांचं, दुसरं बहुतेक वेळा ज्यांची लागून दहा वर्षं झाली त्यांचं. मला दोन्ही पटत नाहीत. नोकरी चांगली आहे. आपण ती डोळे मिटून घेतो, हे वाईट आहे.

शेजारच्या मुलीचं ऑफर लेटर परवा बघायला मिळालं. ‘काका, जरा वाचून सांगा, बाबांना पानं बघूनच घाम फुटलाय,’ म्हणाली. वर्षाला ३ लाख ६० हजार. घरच्यांनी बाराने भागून महिन्याचे तीस हजार काढले होते आणि त्यातून कर्जाचा हप्ताही ठरवला होता. आम्ही पानं उलटली. मूळ पगार १५ हजार. त्यावर कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, तो या तीस हजारांतच धरलेला. ग्रॅच्युइटीची तरतूद सातशेच्या वर, तीही यातच. आणि ती हातात पडणार सलग पाच वर्षं काढली तर. कामगिरीवर ठरणारा हिस्सा वेगळा, तो मिळेल तेव्हा मिळेल. मग तिच्या पगारातून कापायचा निधी आणखी १,८००, शिवाय विम्याचा हप्ता. खात्यात पडणार तेवीस-चोवीस हजार. पुण्यात वाकड-हिंजवडीकडे तिघींच्या खोलीतला एक पलंग जेवणासकट धरला की त्यातले आठ-दहा हजार तिथेच गेले.

यात फसवाफसवी काही नाही. सगळं छापलेलं आहे. निधीचे पैसे तिचेच आहेत, उद्या कामाला येतील. पण घरात जो आकडा बोलला जात होता आणि जो तिच्या हातात येणार होता, त्यांत सहा हजारांचं अंतर होतं, आणि त्या अंतरावर कर्जाचा हप्ता उभा होता. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नव्या मुलांचा वार्षिक पगार दशकभरापूर्वी सव्वातीन लाखांच्या आसपास होता. आज तो साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतोय. मधल्या काळात पुण्यातली खोली, एसटीचं तिकीट आणि पोळीभाजी कुठल्या कुठे गेली, ते मुलांना पाठवणाऱ्या आईबापांना सांगायला नको.

त्याच पत्रात पुढे तीन ओळी होत्या. कामाची वेळ ‘व्यवसायाच्या गरजेनुसार’ बदलेल. प्रशिक्षण चालू असताना कंपनी तिला केव्हाही काढू शकेल. तिला सोडायची असेल तर ९० दिवस आधी कळवावं लागेल. मी म्हटलं, या तीन ओळी आधी बाबांना वाचून दाखव, मग पगाराचा तक्ता दाखव.

आता जे चांगलं आहे तेही तितक्याच मोकळेपणाने सांगतो, कारण कोकणातल्या घरासाठी ते फार मोठं आहे.

इथल्या कित्येक घरांचं वर्ष आंब्याच्या मोहोरावर ठरतं. एक अवकाळी पाऊस आणि मोहोर काळा. मच्छीमाराच्या घरी १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर, बंदीच असते. अशा घरात दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यात पगार पडणं म्हणजे काय, ते पगारदार घरात वाढलेल्याला कळायचं नाही. दुकानातली उधारीची वही बंद होते. धाकट्याची फी वेळेवर जाते. बहिणीचं लग्न व्याजाने पैसे न काढता होतं.

दुसरं, वशिला लागत नाही. आपल्या भागात एखाद्या संस्थेत नुसतं चिकटायला किती मोजावे लागतात, याचे दर लोकांना तोंडपाठ आहेत. टेक कंपनीच्या परीक्षेला बसताना राजापूरच्या रिक्षावाल्याच्या मुलीला कोणी विचारत नाही की तुमच्या ओळखीचं कोण आहे. मिरजोळे एमआयडीसीत फिनोलेक्स अकादमी १९९६ पासून उभी आहे, देवरुखजवळ आंबवला राजेंद्र माने महाविद्यालय आहे. तिथून निघालेली मुलं पुण्याच्या नि मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांतल्या मुलांच्या शेजारी बसून तेच काम करतात, आणि चांगलं करतात. हा दरवाजा उघडा राहिला म्हणून कितीतरी घरांनी एका पिढीत पत्र्याचं छप्पर काढून स्लॅब घातला.

तिसऱ्या गोष्टीबद्दल कोणी फारसं बोलत नाही: आईवडिलांचा विमा. बऱ्याच कंपन्या गटविम्यात, थोडा हप्ता घेऊन, आईबापांना धरतात. रत्नागिरीतून हृदयाचं किंवा मेंदूचं मोठं दुखणं घेऊन माणूस आंबा घाट चढून कोल्हापूरला नाहीतर मिरजेला जातो, किंवा मुंबई गाठतो. तिथे अनामत भरायच्या खिडकीवर मुलीच्या कंपनीचं विम्याचं कार्ड पुढे करणारा बाप मी पाहिला आहे. त्याच्या चेहऱ्यावर जी निश्चिंती होती, तिची किंमत पगाराच्या तक्त्यात मावत नाही. आणि मुलीच्या स्वतःच्या नावावर खातं, स्वतःचा पगार. लग्न कधी आणि कोणाशी करायचं या चर्चेत तिचा आवाज त्या पगाराने वाढला, हे आपण सगळे घरोघर बघतोय.

म्हणून ‘आयटी वाईट’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा: बिनहिशेबी तासांचा.

रत्नागिरीचा माणूस पोटासाठी मुंबई गाठत आला, त्याला शतकाहून जास्त काळ झाला. गिरणगावात आपल्या गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, खानावळी होत्या, गावमंडळं होती. गिरणीतलं काम अंग पिळून काढणारं. कापसाचा तंतू छातीत जायचा. त्या आयुष्याचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या माणसाला भोंगा होता. भोंगा झाला की साचा दुसऱ्याच्या ताब्यात आणि हा रस्त्यावर. ते फुकट मिळालेलं नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, अर्ज केले आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची हद्द लिहिली गेली, त्यावर काम केलं तर दुप्पट मजुरी.

त्याच गिरणी कामगाराचा नातू आज हिंजवडीत बसतो. पगार आजोबाच्या कैकपट, खुर्ची मऊ, वर वातानुकूलित यंत्र. आणि रविवार?

तो हातचा जातो कसा, ते नीट बघा. पुण्यातल्या टीमचा ग्राहक समजा न्यूयॉर्कमधली बँक आहे. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे ग्राहकाशी बोलायची रोजची बैठक आपल्या जेवणाच्या वेळेला. पण ऑफिसात हजेरी सकाळी दहाची. बँकेच्या अॅपमध्ये नवा बदल चढवायचा असेल तर तो तिकडच्या लोकांचे व्यवहार कमीत कमी असताना चढवायचा, म्हणजे शनिवार-रविवारच. तीस जण कॉलवर. बदल चढतो, काहीतरी अडतं, मागे घ्यावा लागतो, पुन्हा चढवतात. पहाट होते. त्यानंतर येते ‘ऑन-कॉल’ची पाळी: आठवडाभर फोन उशाशी, रात्री अडीचला इशारा वाजला की पंधरा मिनिटांत उठून लॅपटॉप उघडायचा. काही कंपन्या याचा भत्ता देतात, काही देत नाहीत. कोणती देते आणि किती, हे लागण्याआधी विचारणारी मुलं मला फार थोडी भेटली.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी हद्द घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची हद्द १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. व्यवस्थापकीय जबाबदारीच्या पदावरच्यांना ही हद्द लागू होत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी ‘लीड’ हे बिरुद मिळालं की घरी पेढे वाटले जातात. त्या बिरुदाने तासांचं संरक्षण गेलं का, हे पेढे खाताना कोणी तपासत नाही.

आणि वरून उपदेश! इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. सहा दिवस धरले तर रोज अकरा तास चाळीस मिनिटं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं म्हणणं बाहेर आलं, आणि त्यात रविवारही होता. मूर्तींबद्दल मला आदर आहे. १९८१ साली सात जणांनी १० हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्यात कंपनी काढली आणि हजारो घरांत चूल पेटवली, हे खरंच आहे. पण ती कंपनी त्यांची होती. आपल्या मालकीच्या कंपनीसाठी माणूस ७० तास काय, १०० तास देईल. वाढलेलं मोल त्याच्याकडेच येतं. महिना चोवीस हजारांवर लागलेल्या मुलीने ७० तास द्यावेत तर वरचे २२ तास कोणाच्या खात्यात जमा होतात? याचं उत्तर उपदेश करणाऱ्यांनी दिलं पाहिजे.

त्यात हिंजवडीचा रस्ता. सकाळचा एक तास, संध्याकाळचा दीड. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली आणि काम ठरल्या वेळेच्या कितीतरी पुढे रेंगाळलं. हे तास कोणत्याच हजेरीत नाहीत.

हे सगळं टाळता येतं का? निम्मं तरी येतं, आणि ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. मार्च २०२० मध्ये हजारो मुलं लॅपटॉप घेऊन कोकणात परतली. दोन वर्षं त्यांनी ओटीवर बसून, माडीवर बसून तीच कामं केली, त्याच ग्राहकांसाठी. सोपं नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि मंडणगड-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावची एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून पावसात अभ्यास करत होती, ती बातमी देशभर गेली. तरीही कंपन्यांचं काम अडलं नाही, नफा बुडाला नाही. आईच्या हातचं खाऊन मुलं काम करत होती. शिमग्यात श्री देव भैरीची पालखी बघायला रजा टाकावी लागली नाही. तासभर उठून गेली, परत येऊन बसली.

मग बोलावणी आली. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस ऑफिसात यायला सांगितलं. बाकीच्यांनी कोणी तीन दिवस, कोणी चार. नव्या मुलाने जुन्याच्या शेजारी बसून शिकावं, हे कारण मला मान्य आहे. पहिली दोन वर्षं तर ते हवंच. घरच्या खोलीत एकटा बसलेला नवा मुलगा चार महिन्यांत जे शिकतो ते ऑफिसात महिन्यात शिकतो. पण दहा-बारा वर्षं काम केलेल्या, घरी म्हातारे आईबाप असलेल्या माणसाला वाकडच्या कोंडीत बसवून कंपनीला काय मिळतं? त्याची टीम निम्मी हैदराबादला, निम्मी अमेरिकेत. तो ऑफिसात येतो आणि कानाला हेडफोन लावून त्यांच्याशीच बोलतो.

मधला रस्ताही आहे. झोहो कंपनीने तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात २०११ पासून ऑफिस चालवलं, आणि कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू स्वतः तिकडे राहायला गेले. जगभर विकलं जाणारं सॉफ्टवेअर तिथे बनतं. तेनकाशीला जे जमलं ते रत्नागिरीला न जमण्यासारखं काय आहे? रेल्वे आहे, महामार्ग आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि परत यायला तयार असलेली अनुभवी माणसं आहेत. पावसाळ्यात वीज टिकत नाही आणि फायबर तुटली की दोन-दोन दिवस जोडली जात नाही, ही खरी अडचण. पुढाऱ्यांनी एखादा भूखंड कमी वाटावा आणि मिरजोळ्यात पन्नास जण बसतील अशी एक इमारत अखंड विजेसह, दोन वेगवेगळ्या मार्गांनी येणाऱ्या फायबरसह उभी करावी. हजारो कोटींच्या घोषणांपेक्षा त्या पन्नास खुर्च्यांनी जास्त घरं उघडी राहतील.

आता नोकरी जाण्याबद्दल. हा विषय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कितीतरी पेटी उचलून कोकणात आले ते परत कधी गिरणीत गेलेच नाहीत. पण त्या वेळी गेली ती नोकरी सगळ्यांची एकदम गेली आणि सगळ्यांना दिसली. टेक कंपनीतली नोकरी एकेकट्याची जाते, बंद खोलीत, वीस मिनिटांत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने २ टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं. त्यांत बरेच मधल्या आणि वरच्या फळीतले. त्याआधीच्या महिन्यात त्यांनी नियम केला होता की वर्षात ३५ दिवसांहून जास्त कोणी प्रकल्पाविना, म्हणजे ‘बेंच’वर राहू नये. चाळिशीचा माणूस, पुण्यात फ्लॅटचा हप्ता, मुलगा दहावीत, गावी आईला डायलिसिस. तिच्या उपचारांचा विमा नोकरीबरोबर जातो. ज्या सोयीचं मी वर इतकं कौतुक केलं, तिचीच ही दुसरी बाजू आहे, म्हणून आईबापांचा एक स्वतंत्र विमा, छोटा का होईना, पहिल्या पगारापासून काढून ठेवावा.

बंद खोलीतल्या त्या वीस मिनिटांच्या बैठकीत बहुधा राजीनामा मागतात. ‘स्वतःहून द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ.’ मुलांनो, तिथे बसल्या बसल्या सही करू नका. राजीनामा दिला की तुम्ही स्वतः गेलात असा अर्थ होतो; कपात केली असा होत नाही. औद्योगिक विवाद कायद्याने कपातीची भरपाई घालून दिली, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार आणि महिन्याची नोटीस. तुम्ही कायद्याने ‘कामगार’ ठरता का, हा वादाचा मुद्दा असतो, पण तो वाद राजीनामा दिल्यावर घालणं फार अवघड होतं. ‘मला एक दिवस द्या, लेखी द्या,’ एवढं म्हणायला वकील लागत नाही. पुण्यात नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कामगार खात्याकडे अशा तक्रारी नेते. संघटना म्हटली की आपली शिकलेली मुलं दचकतात. त्यांच्या आजोबांचा रविवार संघटनेनेच आणला होता.

दिल्लीकडे बघून काही होईल असं मला वाटत नाही. कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क मिळावा, असं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. मांडलं हे चांगलंच केलं. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालेलं नाही. आज जी मुलगी पहिल्या दिवशी हिंजवडीला जाणार आहे, तिला त्या विधेयकाचा उपयोग नाही. तिला उपयोग आहे तो आधी तिथे जाऊन आलेल्या माणसाचा.

आणि अशी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. पुण्या-मुंबईत पंधरा-वीस वर्षं काढलेले रत्नागिरीकर गणपतीला झाडून घरी येतात. त्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर कुठे जागा निघाली ते मिळतं, पण आत गेल्यावर काय होतं ते कोणी लिहीत नाही. त्यांनी या गणपतीत एक सकाळ द्यावी. गौरी यायच्या आधीची. नंतर सगळ्यांना परतीच्या गाडीची घाई असते. शेवटच्या वर्षाची मुलं आणि त्यांचे आईबाप समोर बसतील. पगाराची चिठ्ठी कशी वाचायची, ऑन-कॉल म्हणजे काय, ९० दिवसांच्या नोटिशीत दुसरी नोकरी कशी हुकते, बेंचवर गेल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं, एवढंच सांगायचं, भाषण नको. कंपनीचं नाव घेऊ नका हवं तर. हॉलची आणि चहाची व्यवस्था मी बघतो. या सदराच्या पत्त्यावर नुसतं ‘येतो’ असं कळवा.